शेजारच्या सीटवर घरचं माणूस

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
बारकीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या गळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे दादाने फोनवर सांगितलं, पण दादाचं बोलणं तुम्हाला ठाऊकच आहे. 'ठीक आहेत' या दोन शब्दांपुढे त्याची गाडी सरकत नाही. महिनाभर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. आई विचारते, हा डॉक्टर तीस वर्षांपूर्वी कुठे होता? तेव्हा आता तुम्ही लिहा, आणि हात आखडता घेऊ नका.

गराज व्यवस्थित चाललंय. दंतवैद्यांच्या त्या जुन्या अमेरिकन गाडीला आपण आत्याबाई म्हणतो, हे परवा त्यांच्यासमोरच माझ्या तोंडून निघून गेलं. ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. एवढी लांबरुंद, खड्ड्यात गेली की उसासे टाकणारी, आणि सकाळी पाहावं तर पुढून खाली बसलेली. दुसरं म्हणणार तरी काय? आता मात्र बसायची सवय मोडलीय. पुढच्या हवेच्या फुग्यांच्या जागी तुम्ही आणलेल्या पोलादी स्प्रिंगा घातल्या, झिजलेले रबरी बुश बदलले, आणि बाई ताठ उभ्या आहेत. मागचे ब्रेक तर तुम्ही दादाकडे जायच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने करून गेलात. पेडल अगदी वरच्या वर लागतंय.

राहिला तो उतार. ज्याने ब्रेक केले त्याने टेकडीवरून गाडी पहिल्यांदा खाली आणायची आणि शेजारच्या सीटवर घरचं माणूस बसवायचं, हा तुमचाच नियम. दंतवैद्यांना लेकीच्या लग्नासाठी गाडी २० तारखेला हवीय. तुम्ही नाही, तर तुमच्या जागी मी चालवीन. शेजारी आई, नेहमीप्रमाणे. शनिवारी १६ तारखेला सकाळी अकरा वाजता निघू, तेव्हा त्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

आईला मी घाबरत नाहीस का म्हणून विचारलं. तिने पर्सची चेन लागते का तेवढं पाहिलं.

तुमची,
बारकी

८ फेब्रुवारी

चि. बारकी हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझ्या गळ्यात दोरीने एक वही बांधलीय आणि पेन्सिल. सूनबाईला काही सांगायचं तर आधी लिहायचं, मग ती चष्मा शोधणार, मग वाचणार, तोवर चहा निवतो. दादा वहीत न बघताच मान डोलावतो. लहानपणी माझं ऐकत नव्हता, आता माझं वाचत नाही.

स्प्रिंगा बसल्या हे छान झालं. पुढची दोन्ही चाकं जमिनीला सारखी टेकतात ना, टायर आतल्या बाजूने झिजत नाही ना, ते पाहा. आणि पेडल वर लागतं म्हणजे किती वर? जोरात दाबून धर, आणि पेडल आणि फरशीच्या मध्ये किती बोटं राहतात ते मोजून लिही. काही विशेष नाही, आपलं सहज.

मागच्या ब्रेकचे ड्रम मात्र उघडू नकोस. माझं काम आहे ते, त्याला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही. उताराचं मी आल्यावर बघितलं तर नाही का चालणार? दंतवैद्यांना विचारून पाहा. हेही सहजच.

आईला सांग, इकडे झोप लागते, जेवण जातं. तिच्या गुडघ्याचं कसं आहे ते तिने स्वतः लिहावं, तुझ्यामार्फत नको.

आशीर्वाद आहेतच, गरजेपेक्षा चार जास्त धर.
बाबा

११ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. दोनदा सहज आलं तेव्हा तिने हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाली, हा माणूस सहज म्हणून कधी शिंकलाही नाही. तेव्हा काही असेल तर सरळ लिहा, बाबा.

बोटं मोजली. तुम्ही गेलात तेव्हा सात होती. आज तीन आहेत. दर दिवसागणिक पेडल खाली चाललंय. नळीत हवा असेल म्हणून दोनदा हवा काढली. गळती कुठेच नाही, ब्रेक ऑइलची पातळी जशीच्या तशी. लागोपाठ तीनदा दाबलं की पेडल वर येतं आणि गाडी थांबते. तुम्ही नको म्हणालात म्हणून ड्रम उघडलेले नाहीत. तुमचा हात चुकत नाही हे मला पुरेसं आहे. आवारातून काढताना मात्र घाम फुटतो. फाटक एवढंसं, बाई एवढ्या मोठ्या, दोन-चारदा मागेपुढे केल्याशिवाय बाहेर निघत नाहीत.

दंतवैद्य थांबायला तयार नाहीत. पत्रिकेत गाडीचा फोटो छापलाय म्हणे! तेव्हा शनिवारी अकरा वाजता जाणारच. हळू आणीन, खालच्या गिअरमध्ये.

मलाही तुम्हाला एक सांगायचं होतं. पण ते कागदावर नको, तुम्ही आल्यावर सांगेन.

तुमची,
बारकी

१६ फेब्रुवारी, सकाळी दहा वीस

दादा,

आशीर्वाद नंतर. न्हाणीघराचं दार बडवून माझे हात दुखले, तुझा नळ काही बंद होत नाही, म्हणून ही पानं दाराखालून सरकवतोय. सूनबाई बाहेर गेलीय आणि मला बोलता येत नाही. साबण असेल तसा राहू दे, बाहेर ये आणि गराजला फोन लाव.

बारकीचं पत्र आत्ता आलं. अकरा वाजता ती तुझ्या आईला शेजारी बसवून टेकडी उतरणार आहे. त्या गाडीचे ब्रेक निम्म्या उतारावर संपतील.

चूक माझी आहे. आपल्याकडे एका बाजूचं चाक पूर्ण बंद केल्याशिवाय दुसऱ्या बाजूचं उघडत नाहीत, म्हणजे नमुना डोळ्यांसमोर राहतो. मी इकडे यायच्या घाईत दोन्ही उघडली. आत एक दातेरी चाकाचा तुकडा असतो. गाडी मागे घेताना ब्रेक दाबला की तो एकेक दात फिरतो आणि झिजलेले ब्रेक आपोआप घट्ट करतो. डावा वेगळा, उजवा वेगळा. डावा उजवीकडे बसला की तोच ब्रेक सैल करत जातो. ओळखायला त्यावर बारीक अक्षर असतं, ते मला वर्षभर दिसत नाहीये. कुणाला सांगितलं नाही. बोटांनी चाचपून बसवले.

इथे पडल्या पडल्या ते काम मनात पुन्हा केलं, तेव्हा शंका आली. आठ दिवस झाले. तेव्हाच लिहायला हवं होतं. चाळीस वर्षांचा हात चुकला हे लेकीला लिहायला हात धजला नाही, आणि वर तिलाच ड्रम उघडू नको म्हणून लिहिलं.

नळ बंद कर रे.

१९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी दुपारीच दोन्ही ड्रम उघडले. डावा उजवीकडे होता आणि उजवा डावीकडे. दोन्ही तुकडे पार आत गेले होते, आणखी चार दिवसांत पेडल फरशीला टेकलं असतं. उतारावर चार दिवसही लागले नसते.

दादाने तुमची पानं पाठवलीत, साबणाच्या डागांसकट. त्यात चूक माझी असं तुम्ही लिहिलंय. ते अर्धंच खरं आहे. त्या दिवशी तुकडे धुवायला तुम्ही माझ्याकडे दोन ताटल्यांमध्ये दिले होते, डाव्याचे एकीत आणि उजव्याचे दुसरीत. रॉकेल कमी होतं म्हणून मी ते एकाच ताटलीत धुतले आणि मग अंदाजाने वेगळे केले. तुम्ही डावा मागितलात तेव्हा मी छातीठोकपणे दिला. पेडल उतरायला लागलं तेव्हा पहिला विचार त्याच ताटलीचा आला होता. पण बाबांच्या बोटांना कळलं असेलच, असं म्हणून मी गप्प बसले. तुम्ही माझ्या भरवशावर आणि मी तुमच्या. मध्ये आई पर्स घेऊन बसलेली. मला रडू आवरत नाही, बाबा.

आता एक बाजू बंद करून मगच दुसरी उघडली आणि सगळं नीट बसवलंय. परत सात बोटं आहेत. बाकी आई लिहितेय.

तुमची,
बारकी

त्याच पाकिटात

यांना,
सा. न. वि. वि.

पोरगी रडते तेवढं पुरे, तुम्ही तिला आणखी काही लिहू नका.

अकराला पाच मिनिटं होती. मी सीटवर बसले होते. गाडी सुरू होती आणि आत फोन वाजला. बारकी वाजू दे म्हणाली, दंतवैद्य असतील. मी म्हटलं घे. दादा काय सांगत होता कोण जाणे, पण ही त्याच्याशी हुज्जत घालायला लागली. तीनदा दाबलं की लागतो, मी हळू नेईन, बाबांचं काम आहे ते. अगदी तुमचीच लेक. मग वाक्य अर्धंच सोडून, फोनची तार ताणून ती खिडकीतून बाहेर वाकली आणि फोन माझ्या कानाला लावला.

तो आवाज मी ओळखला नाही. फाटका, घोगरा, कुणाचाही असता. दोनच शब्द होते, खाली उतर. एकतीस वर्षांत त्या सीटवर बस म्हणून तुम्ही मला शंभरदा सांगितलंत, उतर असं कधी म्हणाला नव्हतात. त्यावरून कळलं कोण बोलतंय ते. मी उतरले आणि तिथेच पायरीवर बसले.

दादाने कळवलंय की टाके शाबूत आहेत, पण डॉक्टर भडकले आणि तुमचा महिना पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला घेतला. चांगलं झालं.

तुम्हाला वाटत असेल मला तुमच्या ब्रेकची खात्री असायची. मला ब्रेकमधलं ओ की ठो कळत नाही. पण मी बसणार म्हटलं की तुम्ही झालेलं काम आदल्या संध्याकाळी पुन्हा उघडून बघायचात, ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. म्हणून बसायचे. या खेपेला बघायला तुम्ही नव्हतात, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दंतवैद्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं की लग्नाला दुसरी गाडी बघा, आमची पुढच्या महिन्याच्या विसाला मिळेल. फोटोचं मी बघून घेईन म्हटलं. आता ब्रेक बारकीने केलेत, तेव्हा नियमाप्रमाणे उतारावरून गाडी तीच आणणार. शेजारी मी बसणार नाही. ती जागा तुमची. हवी तर माझी पर्स देईन मांडीवर धरायला. तोवर तुम्हाला बोलायची परवानगी मिळालेली असेल, पण बोलायचं नाही. नुसतं बसायचं.

गुडघा बरा आहे. लोभ आहेच, कुरकुरत का होईना, तुम्ही येईपर्यंत पुरेल.

बारकीची आई