माझ्याकडे नसलेला हिरवा

तीर्थस्वरूप दादांस,

तुमच्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? (गेला असल्यास कोणत्या औषधाने गेला ते कळवू नये. मागचं सबंध पत्र त्यातच संपलं होतं.) इकडे सगळे खुशाल. सगळे म्हणजे मी. तुमच्या बहिणीविषयी मला खात्रीने काही सांगता येत नाही, आणि ज्याविषयी खात्री नाही ते मी लिहून देत नाही, हा माझ्या नोकरीचा नियम आहे. तरी आज लिहितो आहे. त्यावरून प्रकरण किती पुढे गेलं आहे ते ओळखा.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. विम्याचे दावे तपासायचे. जळालेल्या गोदामात राखेत उभं राहून आग आधी लागली की माल आधी हलवला, एवढंच बघायचं. मी दारात दिसलो की कोणाचाही चेहरा उजळत नाही. अशा माणसाला घरी आल्यावर काहीतरी विरंगुळा लागतो आणि माझा विरंगुळा म्हणजे माझे सैनिक. तुम्ही त्यांना बाहुल्या म्हणता. (तुमच्या धाकट्याच्या लग्नात, भर मांडवात, "आमचे जावई अजून बाहुल्या खेळतात" असं तुम्ही म्हणाला होतात. मी तेव्हा हसलो होतो. ते हसू खरं नव्हतं.) अंगठ्याएवढा प्लास्टिकचा सैनिक असतो. तो सुट्ट्या तुकड्यांत येतो. तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे, वर काळ्या रंगाचा एक हात द्यायचा, मग रंग दुधासारखा पातळ करून थरावर थर चढवायचे. बाहुलीला एवढं कोणी करत नाही. माझं सैन्य अंतराळातलं आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर शिरस्त्राण, चेहरा पूर्ण झाकलेला. मला डोळे काढता येत नाहीत म्हणून मी झाकलेल्या तोंडाचे सैनिक निवडले, असं तुमची बहीण म्हणते. अंतराळात हवा नसते, हे मी तिला अनेकदा सांगितलं आहे.

आमचा क्लब शिलाई मशीनच्या दुकानावर, माडीवर भरतो. वर्षातून एकदा प्रदर्शन असतं आणि ज्याचं सैन्य उत्तम ठरेल त्याला जिन्याच्या तोंडाशी असलेलं काचेचं कपाट वर्षभरासाठी मिळतं. गेली कित्येक वर्षं त्यात माझे लोक उभे आहेत. माणूस धापा टाकत वर येतो, मान वर करतो, आणि पहिल्यांदा त्याला ते दिसतात. मग तो "वा" म्हणतो. दादा, दिवसभर लोकांचे दावे फेटाळणाऱ्या माणसाला एक "वा" काय असतो हे तुम्हाला कळणार नाही, तुम्ही शाळेत चित्रकला शिकवता. यंदाचं प्रदर्शन येत्या रविवारी आहे. माझं सैन्य तयार आहे, फक्त सेनापतीण राहिली आहे. ज्याने तिचा साचा बनवला त्याने तिचं शिरस्त्राण तिच्या काखेत दिलं आहे. (का, ते तोच जाणे. हवा तिलाही लागत असणार.) म्हणजे चेहरा उघडा. तो मी रंगवला, पुसला, पुन्हा रंगवला. आता थरांवर थर बसून गाल सुजले आहेत. एक डोळा दाराकडे बघतो, दुसरा त्या डोळ्याकडे. परवा चहाचा कप ठेवताना तुमची बहीण वाकून म्हणाली, "अहो, हिला गालगुंड झालंय का?" आणि निघून गेली. थांबली नाही. पूर्वी टोमणा मारला की ती थांबायची, परिणाम बघायला. संशयाची सुरुवात इथून.

मग मी लक्ष ठेवलं. तिच्या अंगठ्याच्या नखाखाली हिरवा रंग दिसला. माझ्याकडे शेवाळी आहे, बाटलीचा हिरवा आहे, गंजक्या तांब्याचा हिरवा आहे. हा यांतला कुठलाच नव्हता. आजारी माणसाच्या कानामागे असतो तसा, पिवळ्याकडे झुकलेला, जिवंत हिरवा. मी विचारलं, हे काय? म्हणाली, भाजी चिरली. कुठली? म्हणाली, हिरवी. (असं उत्तर एखाद्या दावेदाराने दिलं असतं तर मी फाईल तिथेच मिटली असती.) नंतर तिच्या पर्समध्ये बाटलीचं बूच सापडलं. मी पर्स तपासत नव्हतो, किल्ली शोधत होतो. आपल्या घरात कोणी पीत नाही. दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने कपाळाला हात लावला असता की बायको प्यायला लागली. मला त्याहून वाईट कळलं. बुचाच्या वरच्या अंगाला डिंकाचा वाळका ठिपका होता. रंगवताना सैनिक हातात धरला तर बोटांनी रंग पुसतो, म्हणून आम्ही तो बुचावर चिकटवतो आणि बूच धरतो. तुमची बहीण दुसरीकडे कुठेतरी रंगवते आहे.

आपल्या घरी तिला काही कमी होतं असं मी ऐकून घेणार नाही. माझ्या टेबलावर तिला मी स्वतः होऊन काम दिलं होतं. सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवर वाळू चिकटवायचं. जबाबदारीचं काम आहे. तिने चिकटवलेली वाळू मी नंतर काढून पुन्हा चिकटवायचो, पण ती झोपल्यावर किंवा बाजारात गेल्यावर, तिला वाईट वाटू नये म्हणून. एवढं जपूनही एक दिवस तिने वाळूची डबी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "घ्या, तुमचं वाळवंट." तेव्हापासून तिने ब्रशला हात लावला नाही. असं मी समजत होतो.

आता दाताकडे येतो. त्याच सुमारास तिचे दात दुखू लागले. दादा, तुमच्या घराण्याचे दात मी ओळखतो. ही बाई अक्रोड दाताने फोडते. तरी शनिवारी दुपारी "दाताला जाऊन येते" म्हणून जी जाते ती संध्याकाळी येते, आणि आल्यावर अक्रोड फोडते. दंतवैद्य म्हणजे आमच्या क्लबातलाच एक. वयस्क गृहस्थ. त्याच्याकडे गॉब्लिनांचं सैन्य आहे. (गॉब्लिन म्हणजे बुटके, लांब कानांचे, हिरवे, सगळ्या वाईट धंद्यांत असलेले प्राणी. तुमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असतात तसे.) आजवर त्याचे गॉब्लिन रंगाच्या डब्यात बुडवून दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसायचे. त्याची मला कधी भीती वाटली नाही. वर्षभर मात्र त्याने ते क्लबात आणलेलेच नाहीत. विचारलं की हसतो.

मी रजा टाकली आणि दात दाखवायला गेलो. माझा एकही दात दुखत नव्हता, पण तपासासाठी जागेवर जावं लागतं. खुर्चीत आडवा झालो, दिवा तोंडावर आला, आणि मान वळवताच दिसलं. भिंतीतल्या कपाटात, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगांमध्ये, गॉब्लिन उभे होते. तोच हिरवा. आणि दादा, चेहरे. प्रत्येकाला डोळे होते आणि प्रत्येक डोळ्यात त्याचा स्वतःचा काहीतरी विचार चालला होता. एक लबाड, एक भुकेला, एक नुकताच खोटं बोललेला. पुढच्या रांगेतली एक गॉब्लिन बाई कमरेवर हात ठेवून बघत होती. मी "आलोच, पाच मिनिटांत" म्हटल्यावर दारात उभी राहून तुमची बहीण माझ्याकडे ज्या नजरेने बघते ती ही नजर. संसारात मी ती इतक्यांदा पाहिली आहे की अंधारातही ओळखीन. तिच्या शेजारचा गॉब्लिन जळक्या गाडीजवळ वाकून राखेचा वास घेत होता. त्याचं नाक माझं होतं. हा योगायोग असू शकतो. योगायोगावर मी आजवर एकही दावा मंजूर केलेला नाही.

मी विचारलं, हे रंगवले कोणी? तोंडात दोन उपकरणं आणि कापूस असल्याने त्याला तो कण्हण्याचा प्रकार वाटला. "दुखणारच," तो म्हणाला. मी बोटाने कपाट दाखवलं. "हां, ते! काय जमलेत ना? बघत राहावंसं वाटतं. आ करा, मोठा आ करा." आणि त्याने माझा एक निरोगी दात कोरला. मी ओरडलो नाही. तपासणारा ओरडला की पुराव्याचं वजन जातं. खाली रस्त्यावर आल्यावर गालात बधिरता होती आणि डोक्यात सगळं स्पष्ट होतं. आमच्या क्लबाचा नियम आहे, सैन्य मांडणाऱ्याने ते स्वतःच्या हाताने रंगवलेलं असावं. हा माणूस तुमच्या बहिणीचा हात स्वतःच्या नावाने मांडून माझं कपाट घेणार आहे. मी तक्रार केली तर तो बाद होईल आणि कपाट मला राहील. माझ्याकडे नख आहे, बूच आहे, नाक आहे. पण तक्रार वाचून दाखवतात, सगळ्यांसमोर. त्यात तिचं नाव येणार. मग ते गॉब्लिन कपाटातून निघून खोक्यात जातील. आणि ती गॉब्लिन बाई खोक्यात गेली तर, दादा, मला ते बरं वाटणार नाही. ही गोष्ट मी कामाच्या बाहेर आणि तुम्हालाच सांगतो.

तेव्हा तुम्ही मोठे आहात, तुमचं ती ऐकते (माझं ऐकते असा माझा दावा नाही). तिला दोन शब्द लिहा की नवऱ्याच्या शत्रूकडे जाऊन रंगवणं शोभत नाही. माझ्याकडून कळलं असं दाखवू नका. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तराची वाट बघतो, पण कोणावर अवलंबून राहायची मला सवय नाही.

तुमचा,
मेव्हणा

ता.क. शोभत नाही वगैरे फार लावून धरू नका. तिने वाद घातला तर विषय बदला आणि सहज म्हणून विचारा की बुबुळ आधी काढायचं की पांढरं आधी. उत्तर आलं की लगेच कळवा. फोनच करा.

ता.क. दोन. तिला रविवारच्या आत एक चेहरा करून दे असं सांगता आलं तर बघा. एकच. वर लिहिलेला नियम माझ्या ध्यानात आहे. पण चेहरा म्हणजे काही अख्खं सैन्य नव्हे, आणि सुजलेला गाल उतरवणं हे रंगकाम की औषधोपचार, यावर क्लबात दुमत होऊ शकतं. वाळूचं म्हणाल तर तिने चिकटवलेल्या वाळूला मी यापुढे हात लावणार नाही, हे तिला माझ्या वतीने लिहून दिलंत तरी चालेल.

ता.क. तीन (हे अक्षर माझं, दादा). पत्र पोस्टात टाकायला ह्यांनी माझ्याच हाती दिलं, पाकीट न चिकटवता. जगावर संशय घेतात आणि डिंक विसरतात. ऐक. गॉब्लिन दंतवैद्यांचे नाहीत, माझे आहेत. त्यांचा हात हल्ली थरथरतो म्हणून त्यांनी रंगवणं सोडलं आणि सगळं सैन्य मला देऊन टाकलं. (दात अजून कोरतात. ह्यांना सांगू नकोस.) मी त्यांचे सगळे रंग उतरवून पहिल्यापासून रंगवले. दवाखाना शनिवारी दुपारी बंद असतो आणि तो दिवा फार चांगला आहे, बाकी तिथे काही नाही. रविवारी मी माझ्याच नावाने मांडते आहे, क्लबात महिन्यापूर्वी सांगून आले. चेहऱ्याला मी हात लावणार नाही. ज्याच्याशी लढायचं त्याचे डोळे आपण काढून देत नाही. पण पांढरं आधी काढायचं, एवढं ह्यांना सांग, आणि तू सांगितलंस असंच राहू दे. तू मात्र रविवारी नक्की ये. कोणीही जिंकलं तरी परतताना एकाच गाडीत मागच्या सीटवर आम्ही दोघं असू आणि दोघांच्या मांडीवर एकेक पेटी असेल. तू मधे बस.