रुसलेल्या आत्याचा खडक

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार, गाडीच्या सीटवर बसून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून. वि. वि. पत्र लिहायचं कारण असं की फोनवर तू मला पहिल्या वाक्यालाच तोडतेस. कागदाला कुणी तोडत नाही, फार तर फाडतं.

तर माझा धंदा जोरात आहे. 'खासगी सहल, एक दिवस, अख्खा किनारा, वाटाड्यासह' अशी पाटी गाडीच्या काचेवर लावलीय. वाटाड्या मी, ड्रायव्हर मी आणि इतिहासही मीच. इतिहास माझ्याकडे नव्हताच, शाळेत त्याची माझी कधी ओळख झाली नाही. पण पहिल्याच सहलीला बँकेतून रिटायर झालेले एक साहेब आणि त्यांची बायको होती. साहेब दर ठिकाणी उतरून विचारायचे की इथे काय घडलं होतं. दोनदा मी खरं सांगितलं की काही नाही. तिसऱ्यांदा त्यांचं तोंड इतकं उतरलं की मला दया आली आणि तिथे काहीतरी घडलं. तेव्हापासून किनाऱ्यावर फार घडामोडी झाल्यात. पडक्या धक्क्यावर एका चोरट्या व्यापाऱ्याची कवळी पाण्यात पडली आणि ती शोधता शोधता तो पकडला गेला. वळणावरच्या बंद बंगल्यात एका बाईने नवऱ्याचा सतार वाजवण्याचा नाद सुटेपर्यंत त्याला गच्चीवर ठेवला. लोक फोटो काढतात, मान डोलावतात.

पण सगळ्यात जास्त चालतो तो लाइटहाऊसच्या उतारासमोरचा खडक. तुला आठवत असेल, काळा, खांदे आवळलेला, हनुवटी वर, किनाऱ्याकडे पाठ. मी सांगतो, ही रुसलेली आत्या. भावाशी भांडली, तरातरा पाण्यात चालत गेली आणि म्हणाली, तो स्वतःची चूक कबूल करेपर्यंत मी वळून बघणार नाही. एका मास्तरीणबाईंनी डोळे पुसून विचारलं की हा काळ कुठला. मी म्हटलं, जुना.

ही आत्या कोण ते तुला सांगायला नको. बाबांना यातलं काही माहीत नाही. ते बरे, त्यांचं शिवणाचं दुकान बरं आणि गळ्यातली टेप बरी. त्यांचा एकच नियम आहे: गाडी कुठेही थांबली, अगदी सपाट जमिनीवर, तरी मागच्या चाकाखाली दगड लावायचा. डिकी खराब होऊ नये म्हणून त्यांनी त्या दगडाला कोटाच्या कापडाची खोळ शिवलीय, आतून अस्तर लावून. मला स्वतःला अस्तराचा कोट नाही. पाहुण्यांना मी दगडाची ओळख आमचा दुसरा कर्मचारी म्हणून करून देतो.

लग्नाची तयारी कुठवर आली ते कळव. होणाऱ्या दाजींना सांग, मी येईन तेव्हा बूट जपून ठेवा.

तुझ्या रागाचा आणि लोभाचा समान हक्कदार,
टिवल्या

---

दि. ११ फेब्रुवारी

चि. टिवल्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद आणि एक रट्टा, तो भेटल्यावर घे.

रात्रपाळीहून सुटल्यावर तुझं पत्र बसमध्ये वाचलं. सतारीपाशी इतकी हसले की शेजारची बाई सरकून बसली. खडकापाशीही हसले, पण उतरल्यावर मला कसंतरी झालं. तू तेव्हा लहान होतास म्हणून तुला त्या भांडणाची गंमत वाटते.

आई गेल्यावर आत्या स्वतःची नोकरी सोडून आपल्याकडे येऊन राहिली. माझी वेणी इतकी घट्ट घालायची की माझ्या भुवया वर जायच्या. तुला तर ती रोज कान धरून विंचरायची. तू सहलीला फिरवतोस ती गाडीसुद्धा तिने आणि बाबांनी मिळून घेतली, बाबांना चालवायलाही तिनेच शिकवलं. मग तो दिवस आला. आपण सगळे लाइटहाऊसला गेलो, आत्याने उतारावर गाडी लावली, बाबा नंतर थोडा वेळ आत बसून रेडिओ ऐकत होते. ते उतरले, आणि गाडी आपली आपण घरंगळत जाऊन समुद्राच्या भिंतीवर आदळली. बाबा सगळ्या गावासमोर आत्यावर ओरडले की तू हँडब्रेक ओढलाच नाहीस. ती म्हणाली, मी ओढला होता, तू सोडलास. तिथूनच तिने बस पकडली. मागचा पोचा अजून गाडीवर आहे आणि ती अजून आलेली नाही.

लग्न या महिनाअखेरीला, रजिस्ट्रारच्या कचेरीत. साक्षीदार म्हणून पहिली सही आत्याची व्हावी, एवढीच माझी हौस आहे. मी स्वतः तिच्याकडे जाऊन आले. तिने मला पोटभर खायला घातलं, हात दाबला आणि म्हणाली की ब्रेक मी ओढला होता एवढं तुझ्या बापाने म्हणावं, मग मी धावत येईन. मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, सुईतला दोरा संपलाय, नंतर बोलू.

मी ठरवलंय, आत्या नसेल तर तारीख पुढे ढकलायची. होणारे दाजी हो म्हणाले, पण त्यांचा चेहरा नाही म्हणाला. तेव्हा चावटपणा पुरे, बाबांना बोलतं कर.

आणि एक घोटाळा झालाय. बोलण्याच्या ओघात तुझा खडक माझ्या तोंडून आत्यापुढे निघून गेला. ती रागावली नाही. त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे, एवढंच तिने विचारलं.

केस कापलेस का? आठवण ठेव, शहाणपणही ठेव.
तुझी ताई

---

दि. १५ फेब्रुवारी

रा. रा. सहलवाले यांस,

स. न. वि. वि. मी एक एकटी प्रवासी बाई असून आपल्या खासगी सहलीचं नाव ऐकलं आहे. येत्या रविवारी मला एकटीला संबंध किनारा पाहायचा आहे. सोबत कुणी नको. माझ्या अटी पुढीलप्रमाणे.

मी पुढच्या सीटवर बसेन. गाणी लावू नयेत. वळणावर हॉर्न द्यावा, माणसांवर देऊ नये. इतिहास सांगायचा तर नीट सांगावा, अर्धवट सोडू नये. लाइटहाऊसचा उतार आणि त्यासमोरचा खडक दाखवणं सक्तीचं आहे. वाटाड्याच्या शर्टाला इस्त्री असावी, नखं कापलेली असावीत आणि केस भांग पाडून विंचरलेले असावेत.

सकाळी बसस्टँडवर काळा चष्मा घातलेली बाई दिसेल ती मी. उत्तराची गरज नाही, वेळेवर यावं.

कळावे, ओळख नसल्यामुळे लोभाबद्दल काही लिहीत नाही,
एक प्रवासी

---

दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,

टिवल्याचा साष्टांग नमस्कार. आज खरोखरच साष्टांग, कारण अंग मोडून आलंय. पत्र शेवटपर्यंत वाच, मधे फोन करू नकोस.

तुझ्या पत्रानंतर मी बाबांना बोलतं करायला गेलो. त्यांनी मला बटणं लावायला बसवलं. तेवढ्यात एक पत्र आलं, एका प्रवासी बाईचं. ते वाचता वाचता माझा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि मी भांग पाडायला लागलो. पर्यटकांच्या पत्राने असं कधी होत नाही. तरी मी म्हटलं, बघू. रविवारी स्टँडवर गेलो तर बेडकासारखा काळा चष्मा, कापलेले केस आणि हातात छत्री. गाडीत बसायच्या आधी ती मागच्या बाजूला गेली आणि पोचावर तळवा ठेवला, ताप बघतात तसा. मग मात्र खात्रीच पटली.

पण तिनेही ओळख दिली नाही, मीही दिली नाही. तिला वाटलं मी ओळखलं नाही. म्हटलं, आता दिवस माझा. मी तिला सगळा किनारा तिखटमीठ लावून दाखवला. कवळीच्या गोष्टीला तिने विचारलं की वरची की खालची. मी म्हटलं, खालची. ती म्हणाली, मग फार हाल झाले नसतील. सतारवाल्या बाईचा पत्ता मागितला, म्हणाली तिला भेटायला आवडेल. असं गिऱ्हाईक रोज मिळालं तर मी सुधारेन.

उताराला पोचलो. मी खडक दाखवला आणि गोष्ट सांगितली, खांदे आवळून, हनुवटी वर करून, तिचीच नक्कल तिलाच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भावाची बाजू विचारली. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, भावाला बाजू नाही, तो नुसता शिंपी आहे. आणि बोलता बोलता सवयीने डिकीतून दगड काढून चाकाखाली लावला.

ताई, तिने चष्मा काढला. हे काय म्हणून विचारलं. मी बाबांचा नियम सांगितला. तिने दगड उचलला, खोळ उलटीपालटी केली आणि आतली टीप बोटाने चाचपली. कुणाच्या हातची ते तिला सांगावं लागलं नाही. मग विचारलं की ब्रेक नादुरुस्त आहे का. मला राहवेना, गाडीचा अपमान कोण ऐकून घेणार? मी ऐटीत सांगितलं की ब्रेक फर्स्टक्लास आहे, गाडी आदळली त्याच महिन्यात नवी तार टाकलीय. गॅरेजवाला अजून हसून सांगतो की जुनी तार आतून गंजून तुटली होती, दांडा झकास वर यायचा पण धरायचा काहीच नाही, कितीही ओढा. त्याने ती तुटकी तार काढली तेव्हा बाबा शेजारीच उभे होते.

हे सांगताना माझं बोलणं आपोआप हळू झालं. हा गॅरेजचा विनोद मी शंभर जणांना ऐकवला असेन. तार तुटलेली म्हणजे आत्याने ब्रेक ओढला होता आणि बाबांनी तो सोडला नव्हता, आणि बाबांना हे तेव्हापासून माहीत आहे, एवढं साधं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मला मठ्ठ म्हणणाऱ्या सगळ्या मास्तरांना माझ्यातर्फे नमस्कार सांग.

आत्या भिंतीवर बसली. मला वाटलं रडणार, म्हणून पाण्याची बाटली काढली. तिने बाबांच्या बापाच्या नावाने एक शिवी सुरू केली, मग तो आपलाही बाप हे आठवून अर्धवट सोडली. उठली, भिंतीच्या पार टोकापर्यंत चालत गेली, थोडा वेळ खडकाकडे बघत उभी राहिली आणि परत येऊन किल्ली मागितली. मी कुरकुरलो तर म्हणाली, तुला दात नव्हते तेव्हापासून मी ही गाडी चालवतेय, माझ्याच मांडीवर बसून तू ह्या स्टिअरिंगला लाळ लावलीस. म्हणजे मी ओळखलंय हे तिला ठाऊक होतं.

वळणं तिने अशी घेतली की मी, किनाऱ्याचा वाटाड्या, डोळे मिटून बसलो.

दुकानात बाबा खडू घेऊन कोट बेतत होते. आत्याने आत शिरून दगड त्या कापडावर ठेवला, खोळीसकट. बाबांनी आधी दगड पाहिला, मग तिला. तिने विचारलं की त्याच महिन्यात कळलं होतं ना. बाबांनी मान हलवली. मग का लिहिलं नाहीस म्हणून तिने विचारलं. बाबांचं उत्तर तुला शब्दाला शब्द सांगतो. ते म्हणाले की ते लिहायला बसले होते. चूक कुणाचीच नाही असं लिहिलं तर स्वतःला सोडवल्यासारखं दिसलं असतं, आणि ओरडलो ती चूक असं लिहायचं तर गावासमोर ओरडल्यावर दोन ओळी पुरल्या नसत्या. उशीर होईल तसं पत्र लांबत गेलं असतं, आणि त्यांना लांब पत्र जमत नाही. म्हणून दगड.

मग आत्याची गाडी सुटली. दगडाला अस्तर लावून खोळ शिवता येते आणि बहिणीला कार्ड टाकता येत नाही, इथून जी सुरुवात झाली ती लहानपणी बाबांनी तिची पाटी फोडली तिथवर गेली. बाबांनी दगड कापडावरून बाजूला सरकवला. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि तिच्या खांद्याचं माप घ्यायला लागले. आणि ताई, गंमत बघ, शिव्या चालू ठेवून तिने हात वर केला, बाहीचं माप नीट घेता यावं म्हणून. बाबांनी माप खडूने टेबलावर लिहिलं. लिहिता लिहिता पुटपुटले की ब्रेक तू ओढला होतास. ती म्हणाली, मोठ्याने बोल, मशीन चालू आहे. मशीन बंदच होतं. बाबा मोठ्याने बोलले, इतकं की समोरचा चपलांवाला बाहेर येऊन हो म्हणाला.

तारीख पुढे ढकलू नकोस. बाबा तिचे कपडे शिवायला बसलेत, माझी बटणं राहिली तशीच.

माझ्यावर लोभ ठेव, निदान लग्नापर्यंत तरी,
टिवल्या

---

दि. २४ फेब्रुवारी

चि. टिवल्यास,

आत्याचे आशीर्वाद, तू त्यांच्या लायक नसलास तरी.

सहल बरी होती. नखं कापलेली होती, भांग वाकडा होता. तू मला ओळखलंस ही फुशारकी मारत फिरू नकोस, केस विंचरायची अट मी मुद्दाम घातली होती. मी कोण हे न कळण्याइतका तू मठ्ठ झाला असतास तर मी स्टँडवरूनच परत फिरले असते.

लग्नाला येतेय, तुझ्या ताईला, माझ्या ठमीला, मी स्वतः कळवलंय. साक्षीदाराची पहिली सही माझी. दुसरी कुणाची ते तुझ्या बापाने आणि दाजीच्या बापाने आपसात बघावं, मला नवं भांडण नको. कपड्यांची बाही जरा घट्ट झालीय, पण त्याला सांगू नकोस, लगेच उसवायला बसेल.

आता खडकाचं. ती गोष्ट बंद करू नकोस, लोकांना आवडते. पण तू तिकडे रोज जातोस आणि एकाच जागी उभा राहून बोलतोस. भिंतीच्या टोकापर्यंत कधी गेलायस? मी त्या दिवशी गेले. तिथून बघितलं तर तिचं तोंड किनाऱ्याकडेच आहे. पाठ वाटतो तो नुसता खांदा आहे. पाहुण्यांना टोकापर्यंत चालवत ने, पायांना तेवढाच व्यायाम. आणि नाक माझ्यापेक्षा मोठं आहे हे आवर्जून सांग.

लग्नाला गाडी मी चालवणार. तू पुढे बसायचं आणि इतिहास सांगायचा नाही. तुझा बाप मागे बसेल. त्याला सांग, दगड डिकीत ठेवायचा नाही, मांडीवर घेऊन बसायचं, खोळीसकट, थेट कचेरीपर्यंत. तिथे गाडी लावली की त्यानेच उतरून चाकाखाली ठेवायचा. हँडब्रेक मी ओढीन, आणि ओढताना त्याने बघायचं.

माझा लोभ आहेच, तो वाढवायची गरज नाही. केस वाढलेत, ते आधी काप.
तुझी आत्या