ओढलेला हँडब्रेक

प्रिय एस्को,

गाडी विकून टाक, या वयात बर्फात चालवू नकोस, असा निरोप तू ठेवलास. मी उलट फोन केला तर तू मीटिंगमध्ये. म्हणून लिहायला बसले. उन्तोकाकाचा भाचा शनिवारी गाडी न्यायला येतोय. त्याला हो म्हणायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

खरं सांगू, दमले रे मी. सकाळी आधी अंगणातला बर्फ फावड्याने ओढायचा, मग गाडीवरचा झाडायचा, मग काचा खरवडायच्या. तोवर वरून परत भुरभुर सुरू. सूर्य तर सध्या टेकडीआडूनच परत जातो. इंजिन गोठू नये म्हणून हीटरची वायर अंगणातल्या खांबाला लावायची आणि निघताना आठवणीने काढायची. परवा नेमकी विसरले. वायरीसकट निघाले, तर कुंपणापलीकडून उन्तोकाका ओरडला, “अगं आउने, खांबाला फिरायला नेतेस की काय?” मेला मदतीला धावून येईल, पण आधी टोमणा मारेल.

बाकी सगळं बाबा करायचे तसंच करते. दारांची रबरं पुसून कोरडी ठेवते, नाहीतर दारं चिकटून बसतात. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. वाटेत बर्फात अडकलेच तर म्हणून मागच्या सीटवर घोंगडी, फावडं आणि उबेला मेणबत्ती असते. तसं गाडीवाचून माझं काही अडत नाही हो. किराणा उन्तोकाका आणतो, दवाखान्यात न्यायला पंचायतीची गाडी येते. मग ही ब्याद दारात कशाला, असंच तू म्हणशील. उन्तोकाकाही तेच म्हणतो.

बाबांना पोचवायला आलास त्या दिवशीची थंडी आठवते? चर्चसमोर गाडी लावलीस आणि हेलसिंकीच्या सवयीने हँडब्रेक ओढलास. प्रार्थना झाली, माती झाली, कॉफी झाली, तोवर ब्रेक गोठून चाकं जागच्या जागी धरली गेली. सगळं गाव खिशात हात घालून बघत उभं, आणि जो तो म्हणतोय, “रेइनोचा पोरगा आणि हँडब्रेक ओढतो! गाडी गिअरमध्ये ठेवायची असते, हे आमच्या शेंबड्या पोरांनाही कळतं!” उन्तोकाका चाकावर हातोडा मारत होता आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसत होता. तुझा चेहरा मी पाहिला. दुसऱ्याच दिवशी तू गेलास. आता हा तिसरा हिवाळा. तुला कामं असतात, कळतं मला.

पण एक गोष्ट तुला कुणी सांगितली नाही. आमच्या लग्नाच्या दिवशी त्याच चर्चसमोर तुझ्या बाबांनीही हँडब्रेक ओढला होता. शेजारी नवरी बसवून आणलेली, ऐट केवढी! त्या भरात भानच राहिलं नाही. बाहेर आलो तर गाडी हलेना. मी लग्नाच्या कपड्यांत उन्तोच्या ट्रॅक्टरवर बसून सासरी आले, थंडीने नाक लाल झालेलं. पुढे तू झालास तेव्हा बाबांनी उन्तोला शपथ घातली, पोराला हे कधी सांगायचं नाही म्हणून. त्या दिवशी तो तुला हसत नव्हता रे. त्याला त्याचा मित्र आठवला होता. हसता हसता तो हातोडा धरून रडत होता, पण तू मान खाली घातली होतीस.

आता खरं काय ते सांगते. ही गाडी मी एकाच कामासाठी ठेवली आहे. हेलसिंकीची आगगाडी सकाळी स्टेशनात येते आणि तिथून आपलं घर लांब. बाबांनी तुला कधी टॅक्सी करू दिली नाही. गाडी आतून उबदार करून ते फलाटावर जाऊन उभे राहायचे. मी रोज वायर लावते ती त्यासाठी, आणि दमलेय तीही त्यानेच. तू येणार नसशील तर तसं स्पष्ट लिही. वाईट वाटेल, पण शनिवारी किल्ली देऊन टाकीन आणि सकाळची जरा निजून राहीन. येणार असशील तर फक्त वार कळव, मी फलाटावर असेन. घरापर्यंत गाडी तू चालव. हँडब्रेक ओढलास तरी ओढ, उन्तोकाकाचा हातोडा अजून आहे.

वाट बघणारी, तुझीच,
आई