लेथला लावलेला कान

४ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाता, असं मामींनी कळवलं. तिथे पातेल्यांची झाकणं उघडून बघत असाल, हे त्यांनी न लिहिताही कळलं.

मी मात्र पेचात आहे. कारखान्यात तुमच्या धातू कापायच्या लेथला मी माइक लावलेला आठवतो ना? कापण्याचा आवाज ऐकून टूलची धार गेली की लाल दिवा लावणारं माझं यंत्र. तुम्ही होतात तोवर ते एकदाही चुकलं नाही. आता तुमच्या जागी आलेला टर्नर नवं कोरं टूल लावतो, तरी दिवा लाल! सोमवारी मालक बघायला येणार. तेव्हाही असंच झालं, तर यंत्राबरोबर माझंही चंबूगबाळं बाहेर. तुमच्या हातात असं काय होतं, ते लगेच कळवा.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नका.

तुमची ठकू


६ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

हातात जादूबिदू काही नाही. टूलची उंची बरोबर आहे ना? जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, घट्ट धरलाय ना? एवढं बघ.

तुझी मामी खांद्यावरून वाचते आहे. ती म्हणते, यंत्र यांची शीळ ऐकत असेल. काम सुरळीत चाललं की म्हणे मी शीळ घालतो. दाढी करतानाही ब्लेड धारदार आहे तोवर शीळ, अडकायला लागलं की शीळ बंद. धादांत खोटं! जन्मात कधी शीळ घातली नाही मी. इस्पितळातून आल्यापासून शीळ नाही, घर सुनं झालंय, असंही तिनं वर ऐकवलं. तिचं मनावर घेऊ नकोस. दिवसभर उभं राहायचं काम माझ्याच्यानं पुन्हा होईल का, याचा घोर लागलाय, एवढंच.

जेवण वेळेवर घे आणि आम्हा दोघांना विसरू नकोस.

तुझा मामा


१२ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामींच्या तोंडात साखर पडो! सगळी रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकली. प्रत्येकात तुम्ही आहात, तेही बेसूर. धार गेली की शीळ थांबते. माझ्या शहाण्या यंत्रानं धातूकडे लक्षच दिलं नव्हतं. शीळ चालू म्हणजे धार शाबूत, असं शिकून बसलं होतं. आणि मला ती शीळ इतकी अंगवळणी पडलेली, की कधी कानावर आलीच नाही.

नव्या टर्नरच्या तोंडाला कुलूप घालून पुन्हा आवाज टिपले आणि यंत्राला नव्यानं शिकवलं. सोमवारी दिवा लागला, तेव्हा मालकांनी स्वतः टूल काढून भिंगाखाली धरलं. कड खरंच झिजली होती. माझी जागा पक्की! जाताना त्यांनी विचारलं, शीळवाले कधी येणार.

तुमच्या लेथपाशी उंच स्टूल ठेवलंय. जॉब चालू असताना टेकता येतं, मी बसून पाहिलं. यंत्रालाही तुमची शीळ सोडून बाकीचं ऐकायला शिकवलंय, तेव्हा खुशाल घाला. तुमच्याशिवाय करमत नाही, मामा.

मामींना नमस्कार. माझ्यावर जीव आहे तसाच राहू द्या.

तुमची ठकू


१५ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी दोनदा वाचलं, आपण शीळ घालत नाही हे मला पुन्हा बजावलं आणि दाढीला गेले. एक तारखेपासून कामावर जातो म्हणतात. डॉक्टरांनीही मान डोलावली आहे. स्टुलावर उशी घाल.

न्हाणीघराचं दार बंद आहे, तरी सूर इथवर येतोय. अशीच माया ठेव.

तुझी मामी

ता. क. ब्लेड बदलायचं राहिलंय. जुनंच आहे.