डाव्या चाकाचं लॉक

प्रिय देवानंद,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून मलकापुरातल्या तुझ्या जिनिंगचा पत्ता मनाली वहिनींकडून मागून घेतला. पत्र फाडायचंच असेल तर आधी पूर्ण वाच, मग फाड. तू अमडापूर सोडून चार महिने झाले. तुझे बाबा आता कुबड्या घेऊन अंगणापर्यंत येतात. पायाचं विचारलं की जानरावकाका म्हणतात, "पाय गेला तं गेला, पोरगं काऊन येत नाई थे सांग." आपल्या विसरभोळेपणानं बापाचा पाय गेला, हे डोक्यात घेऊन तू तिकडे कापसाच्या गाठी उचलतोस, हे मला माहीत आहे. स्टिअरिंगला पुन्हा हात लावणार नाही म्हणालास, तेही वहिनींनी सांगितलं.

पिकअप विकायला काढलीस, म्हणून गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी नीट करायला ती परवा माझ्या गॅरेजात आली. पोळ्याच्या आधी तू किती वैतागून आला होतास! फोर व्हीलचं बटण दाबलं तरी पुढची चाकं ओढत नव्हती. कंपनीचे हब, म्हणजे पुढची चाकं इंजिनाच्या जोराला जोडणारे भाग, हवेच्या नळीवर चालायचे आणि चिखलात नळी तडकली की सगळं ठप्प. हे काढून हातानं फिरवायचे मॅन्युअल हब बसवू, असं मीच सुचवलं. चढ आला की खाली उतरायचं, पुढच्या दोन्ही चाकांवरची डायल लॉकवर फिरवायची, मगच फोर व्हील टाकायचं. एक बाजू जरी फ्री, म्हणजे सुटी राहिली तरी पुढून काही जोर मिळत नाही, हे मी तुला दहा वेळा बजावलं. तू म्हणालास, "एवढ्या नव्या गाडीचे आता खाली उतरून कान पिळू काय बे?" दोन दिवस लागले मला. नळ्यांना बुचं मारली, नवे हब चढवले, आणि मित्राची गाडी म्हणून सगळं जरा जास्तच मन लावून केलं.

मग ऑक्टोबरातली ती सकाळ. सोयाबीनची पोती भरलेली, नाल्याचा निसरडा चढ. गाडी मागे सरकायला लागली आणि काका मागच्या चाकाला दगड लावायला धावले, आणि चाक त्यांच्या पायावर चढलं. मी ट्रॅक्टर घेऊन पोहोचलो तेव्हा तू त्यांना दुसऱ्या गाडीत घालून चिखलीच्या दवाखान्याकडे निघून गेला होतास. चिखलात त्यांची एक चप्पल तेवढी पडली होती. गाडी ओढून काढायची तर पुढची चाकं फ्री करावी लागतात, म्हणून मी वाकून डावी डायल फिरवली. उजवीकडे जाणार, तेवढ्यात गणेश आला आणि ओरडला, "अरे, डावं तं फ्रीवरच हाये! देवानंदनं लॉकच नाई केलं!" सगळे जमले, सगळ्यांनी पाहिलं.

मी गप्प राहिलो.

संध्याकाळी दवाखान्यात तुझ्या कानावर ते आलं. तू भिंतीला टेकून म्हणालास, "गडबडीत होतो बे. म्या डावं फिरवलंच नसन." माझ्याकडे पाहिलंस. आणि मी मान हलवली, देवा. एवढा नीचपणा मी आयुष्यात केला नव्हता.

कारण मी वाकलो तेव्हा डायल लॉकवर होती. लॉकवर असून चाक ओढत नाही, म्हणजे दोष आत, आणि आत हात फक्त माझा होता. चार महिने मी स्वतःला समजावत होतो की दुसरंच काही असेल. परवा तो हब उघडला. आपल्याकडे ट्रॅक्टरला ग्रीस बाहेर येईस्तोवर भरायची रीत, तसंच मी हेही ठासून भरलं होतं. या हबला आत ग्रीसचा नुसता हात फिरवायचा असतो. भरलेल्या ग्रीसमध्ये चाकाला जोडणारं दातेरी कडं अर्ध्यावरच अडकलं होतं. गॅरेजात तपासलं तेव्हा ते बसलं होतं. सकाळच्या गारठ्यात, चिखलात नाही बसलं. बाहेरून डायल लॉक दाखवत होती, आतून चाक मोकळं होतं.

मी आधी तुझ्या घरी जाणार होतो. काल दोनदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलो. म्हणून आता हे पत्र आधी पोस्टात टाकतो, म्हणजे माघारी फिरायला वाट उरणार नाही, आणि तिथूनच काकांकडे जातो. ते कुबडी उगारतील तर उगारू देत. गणेशलाही सांगेन, गावात जो विचारेल त्याला सांगेन. तू माझं तोंड पाहू नकोस, पण त्यांना भेटायला ये. त्या दिवशी तू चिखलात उतरलास आणि दोन्ही चाकं लॉक केलीस, देवानंद. तू काहीच विसरला नव्हतास.

तुझाच म्हणायला जीभ रेटत नाही, तरी तुझाच,
मतीन