राक्षसाची रीतसर मोजणी

देवळी, बुधवार

चि. रत्नदीप यास,

बापूकाकाचा सप्रेम जयभीम आणि भरपूर आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. काकूचा गुडघा होता तसाच आहे, म्हणजे घरात दुखतो आणि वर्ध्याच्या बाजारात गेला की थांबतो. तुझं पोट कसं आहे? बाहेरचं खाणं कमी कर. (हे काकूने लिहायला सांगितलं. लिहून झालं, आता मुद्द्यावर येतो.) शनिवारच्या आत खेळाची पेटी पार्सल करा, असा तुझा फोन आला होता. पेटी पाठवलेली नाही. का नाही, हे फोनवर सांगायला गेलो तर तू "काका, थोडक्यात सांगा" म्हणतोस. बत्तीस वर्षं भूमापक म्हणून नोकरी केलेल्या माणसाला थोडक्यात काही सांगता येत नाही, चारी बाजूंच्या सीमा सांगाव्याच लागतात. म्हणून पत्र.

पुण्याला जाताना तू ती पेटी पलंगाखाली सारून गेलास. झाडझूड करताना काकूने बाहेर काढली. वीस बाजूंचे फासे, चौकोन आखलेला भला मोठा कागद, बोटाएवढी माणसं आणि तू मराठीत टाइप केलेले नियम. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन वागायचं आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. मी म्हटलं, हे तर आपल्या ऑफिससारखंच आहे! सात रविवार झाले, दुपारी आम्ही चौघं पडवीत खेळतोय. गोष्ट मी चालवतो. काकू वैद्य झाली आहे (औषधासोबत बोलणी फुकट), शेतावरचे बंडूजी तिरंदाज, आणि शेजारचा चंद्रभान बंडीवाला. चंद्रभान तुला माहीत आहे. एसटीची ड्रायव्हरकी संपल्यापासून ओट्यावर बसून रस्ता बघत राहायचा. दोन प्रश्न विचारले तर एक हुंकार मिळायचा. आता तोच माणूस रविवारी घड्याळ बघत अकरालाच हजर होतो. पेटी गेली की तो पुन्हा ओट्यावर जाईल, याची मला खरोखर भीती वाटते.

तर गेल्या महिन्यात खेळात एक राक्षस चंद्रभानच्या बैलबंडीच्या मागे लागला. पंधरा फुटी गल्ली, पुढे भिंत, मागे राक्षस. चंद्रभान म्हणाला, बंडी वळवतो. मी तुझे नियम काढले. एक चौकोन पाच फुटांचा. माणसाला एक चौकोन, "मोठ्या"ला चार, "प्रचंड"ला नऊ. बंडी तू "मोठी" धरली आहेस, दोन बाय दोन. म्हणजे ती भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरणार! बंडूजी पोट धरून हसले. मग तेच अडून बसले, की बैल बंडीत मोजायचे की वेगळे? तुझं पुस्तक म्हणतं, जुंपलेलं जनावर हा वाहनाचा भाग. बंडूजी म्हणाले, "बैलाइले नावं हायेत. ज्याले नाव हाय त्याले वाहनात काऊन मोजता?" यावर तुझ्या पुस्तकात काहीही नाही. फासा टाकला, राक्षसाचा सोटा लागला, चंद्रभानचा बंडीवाला मेला. चंद्रभान उठला, चपला घातल्या आणि गेला. आठ दिवस ओट्यावर. हुंकारसुद्धा बंद.

मला झोप लागेना. शेवटी म्हटलं, वाद आहे ना, मग मोजणी! घरासमोरच्या रस्त्यावर चुन्याने पाच-पाच फुटांचे चौकोन आखले, कोपऱ्यांवर लाल झेंड्या रोवल्या. आणि इथे माझा हात सवयीने चालला. मोजणी म्हटली की नोटीस आलीच. लगतच्या सर्वांनी अमुक दिवशी सकाळी नऊ वाजता हजर राहावे, गैरहजर राहिल्यास तक्रार ऐकली जाणार नाही, असं लिहून घरोघरी सह्या घेतल्या. (कशाची मोजणी ते लिहायचं राहिलं. राक्षसाची, असं नोटिशीत लिहिणं बरं दिसत नाही.) नऊ वाजता निम्मी देवळी गोळा! रस्ता रुंद होतोय अशी हवा उठली होती. लोक सातबारे घेऊन आले. किराणेवाल्या सदाशिवरावांनी तर दुकानापुढे काढलेली टिनाची पडवी आदल्या संध्याकाळीच गुपचूप उतरवली होती आणि मला साखर जास्त घातलेला चहा पाजत होते.

पण रत्नदीप, मोजणी काय झाली म्हणून सांगू! बंडूजींनी जुंपून आणलेली शेतावरची बंडी बैलांच्या नाकापासून मागच्या फळीपर्यंत अठरा फूट, म्हणजे लांबीला चार चौकोन, रुंदीला जेमतेम एक. वळायला मात्र पाच बाय पाच लागले आणि माझा सगळा चुना पुसला गेला. त्यातच कापूस भरला की तीच बंडी दोन्ही बाजूंनी फुगते. तुझ्याकडे वजनाचा नियम आहे, फुगण्याचा नाही! इतक्यात मागून आवाज आला, "एसटी उभी तीस फुटाची, पर वळणावर तिले पन्नास फूट लागते. लिहून घ्या." चंद्रभान! मग तो थांबेचना. काकूची परात स्टेअरिंगसारखी धरून त्याने समुद्रपूरच्या रस्त्यावरचं एकेक वळण सांगितलं. नंतर दहा फुटी बांबू घेऊन दोन घरांमधल्या पंधरा फुटी बोळात उभा राहिला आणि म्हणाला, मी राक्षस, हा सोटा. फिरवायला गेला तर बांबू भिंतीला अडकला. म्हणजे उभं राहायला जागा वेगळी, वळायला वेगळी, हात उगारायला वेगळी! नऊ चौकोनांचा राक्षस त्या गल्लीत सोटा फिरवूच शकत नव्हता. मी जागेवर पंचनामा केला, सात सह्या घेतल्या आणि बंडीवाला जिवंत असल्याचं जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. काकू म्हणाली, "हा माणूस इतका बोलते, मले माहीतच नव्हतं." मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

सुधारित नियम अकरा पानी झाले आहेत, सोबत जोडले आहेत. प्रकृतीला जप.

तुझा,
बापूकाका

ता. क. १ : सदाशिवरावांनी टिन परत चढवलेलं नाही. अकरा वर्षांत कोणाला जमलं नाही, पण रस्ता चार फुटांनी मोकळा झाला. मोजणी कसली होती ते फोनवर कोणाजवळ बोलू नकोस.

ता. क. २ : तुझ्या मित्रांना खेळ दाखवायचा आहे, हे मला कळतं. पेटी एकटी पाठवायला चंद्रभान तयार नाही. म्हणून शनिवारी आम्ही चौघं ती घेऊन पुण्याला यायचं ठरवलं आहे.

ता. क. ३ : तुझी खोली दहा बाय बारा, म्हणजे चार चौकोन, आणि वरचे दोन फूट चपलांना. झोपलेला माणूस दोन चौकोन घेतो (नवीन नियम, पान सहा). आम्ही चार आणि तू, दहा चौकोन झाले. आपल्या पडवीत चोवीस आहेत. तेव्हा मित्रांना घेऊन तूच आलेला बरा. दोन वर्षं झाली, पोरा. मला हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, पण काकू म्हणाली, त्याच्यावर जोर करू नका. तिकडे चंद्रभानने चौघांची तिकिटं काढून ठेवली आहेत. येतोस, की येऊ?