सिनेमातली स्वयंपाकीण

छत्रपती संभाजीनगर
४ जानेवारी २०२५

ती. स्व. यमुनाआत्यास,
केयूरचा सा. न. वि. वि.

तुला ऐकू कमी येतं म्हणून फोनऐवजी पत्र. तुझ्या कादंबरीवरचा सिनेमा काल पाहिला. आत्या, पार विचका केलाय. खून नवऱ्यानेच केला हे मध्यंतराआधीच कळतं, आणि इन्स्पेक्टर तपास सोडून गाणं म्हणतो. थिएटरात अकरा माणसं, त्यातले दोन मी आणि लक्ष्मणकाका.

तुझा रखवालदार साक्षीदार गायब आहे. त्याच्याऐवजी एक लंगडी स्वयंपाकीण. नवरा बायकोला गच्चीवरून ढकलताना ती पाहते आणि शेवटपर्यंत जिवंत राहते. दिग्दर्शकाला मी तुझी माळ्यावरची पहिली वही दिली होती. छापील पुस्तकापेक्षा ती अस्सल, असं वाटलं. रागावू नकोस.

काकांना मात्र सिनेमा आवडला असावा. आज एकटेच परत जाऊन आले. आल्यावर काकूच्या वेळी घरी कामाला असलेल्या चंपाबाईची चौकशी केली. ती फर्दापूरला लेकीकडे असते, हे मीच सांगितलं. तिचा मोतीबिंदू काढून देऊ म्हणतात; उद्या आम्ही तिला आणायला जातोय. या वयात काका मऊ झालेत बघ.

प्लॅस्टरमधल्या पायाला जप आणि चार ओळी खरड.

तुझा
केयूर

नाशिक
९ जानेवारी

चि. केयूर यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडते आहे. शेजारच्या मेघाकडून तुला फोन लावून पाहिला, लागत नाही.

बावीस वर्षं दडवलं ते लिहिते. तुझी काकू पाय घसरून पडली नाही. लक्ष्मणने तिला ढकललं. चंपाबाईने ते पाहिलं आणि फक्त मला सांगितलं. पोलिसांत सख्ख्या भावाचं नाव घ्यायला माझी जीभ रेटली नाही. मन खाऊ लागलं तेव्हा कादंबरी लिहिली. पहिल्या वहीत चंपाबाई होती तशीच उतरली, म्हणून छापताना तिचा पुरुष केला आणि शेवटी मारूनही टाकला. तिच्यावर कुणाची नजर जाऊ नये एवढ्यासाठीच.

आता लक्ष्मणला कळलं आहे. तिला आजच्या आज लेकीकडे पोचव आणि तिथून हलू नकोस. ती सुखरूप पोचली की पोलिसांना मी स्वतः लिहून देते. मला फार भीती वाटते आहे रे.

देव तुझ्या पाठीशी असो.

तुझी
यमुनाआत्या

छत्रपती संभाजीनगर
१३ जानेवारी

चि. यमुना हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

केयूर कामानिमित्त आठ दिवस बाहेर आहे. त्याच्या ऑफिसातल्या एका भल्या माणसाने तुझं पत्र घरी आणून दिलं. घरात आलेलं पत्र आधी वडीलधाऱ्यानं फोडायचं, ही आपल्या वडिलांची शिस्त तुला ठाऊकच आहे. दोनदा वाचलं. तुझं अक्षर अजून सुरेख आहे. पोराच्या डोक्याला उगाच ताप नको, म्हणून मग गॅसवर धरलं.

चंपाबाई आठवडाभर इथं आहे. डोळ्यांनी दिसत नाही, तरी चाचपत मला भाकरी करून वाढते. काल मी सहज जुना विषय काढला, तर म्हणाली, “मालक, म्या कुणाला काय बोलले नाय. पुढं बी नाय बोलणार.” मला वाईट वाटलं. म्हणजे बोलण्यासारखं काहीतरी तिच्याकडे आहेच.

तिला आता लेकीची ओढ लागली आहे. आज दुपारी मीच तिला गाडीनं सोडायला निघतो आहे.

तुझ्या कादंबरीत साक्षीदार मेलेला वाचून मी इतकी वर्षं निर्धास्त होतो. सिनेमानं मात्र निराशा केली, हे केयूरचं म्हणणं खरं आहे.

भावावर होती तशीच माया राहू दे. हे पत्र तुला मिळेल तोवर मी घरी परत आलेला असेन.

तुझा
लक्ष्मणदादा